समोसे कुणाच्या पैशांचे? : आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था,
पोखरण रोड नं. २, ठाणे (पश्चिम)

विषय : क्लबहाऊसमध्ये भरणाऱ्या ‘मोफत गुंतवणूक मार्गदर्शन’ शिबिरांबाबत

सप्रेम नमस्कार,

हेच पत्र साध्या कागदावर लिहून मी दोनदा सोसायटीच्या ऑफिसात दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता उघड लिहितोय. शिवाय ही काही फक्त आपल्या आवारातली गोष्ट नाही. माझी मेहुणी खारघरला राहते, पुतण्या कासारवडवलीला. दोघांच्याही संकुलात रविवारी सकाळी हाच कार्यक्रम असतो: प्रोजेक्टर, टाय लावलेला एक मुलगा, फुकट डायरी आणि कागदी प्लेटमध्ये दोन समोसे.

गेल्या शिबिराची गोष्ट सांगतो. मुलगा घामाने निथळत होता (आपला एसी बंद होता, त्यावर वेगळं पत्र लिहीन). पडद्यावर आकडे येत होते. बी विंगमधल्या काकू दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. काकांना जाऊन वर्षही झालेलं नाही. त्यांच्या पीएफचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बचत खात्यात तसेच पडून होते. मुलाने सांगितलं, ‘दहा वर्षं दरवर्षी एक लाख भरा, विसाव्या वर्षी वीस लाख घ्या. दुप्पट! आणि गॅरंटीड.’ काकूंनी तिथल्या तिथे सही केली. वय ६३.

पॉलिसीची फाइल आली तशी त्या माझ्याकडे आल्या, कारण मी ‘कंपनीत हिशेबाचं बघायचो’. जेवणाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ‘दुप्पट’ हा शब्द बाजूला ठेवून वर्षाचा परतावा काढला तर तो साधारण साडेचार टक्के पडतो. पीपीएफ २०२० पासून ७.१ टक्के देतंय. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात. काकूंना घरखर्चाला पैसे हवे होते. ही पॉलिसी उलट त्यांच्याकडूनच वयाच्या ७२व्या वर्षापर्यंत हप्ते मागणार होती.

नशीब एवढंच की विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आम्ही बाविसाव्या दिवशी अर्ज दिला. तीन फेऱ्या झाल्या, दोनदा ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकलं, शेवटी मुद्रांक शुल्क वगैरे किरकोळ कापून पैसे परत आले. ते काकूंनी पोस्टात ठेवले. मी त्यांना इंडेक्स फंड घ्यायला लावला नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की आता याने स्वतःचं दुकान मांडलं.

त्या मुलावर माझा राग नाही. तो खोटं काहीच बोलला नाही, दुप्पट म्हणजे दुप्पटच होणार होते. त्याच्या डोक्यावर टार्गेट आहे. माझा प्रश्न तुम्हाला आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्या हॉलमध्ये अशी अकरा शिबिरं झाली. यूलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी) आली, पेन्शन प्लॅन आला, नव्या म्युच्युअल फंडांची ‘फक्त दहा रुपयांत’ विक्री आली, एकदा तर शिर्डी रोडचे एनए प्लॉटसुद्धा आले. साध्या निफ्टी इंडेक्स फंडाचं नाव एकदाही निघालं नाही. कारण सरळ आहे. त्यात समोशांचा खर्च निघत नाही.

ज्यांच्यासाठी हा शब्द नवा आहे त्यांना चार ओळींत सांगतो. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांपैकी पन्नासांची एक यादी आहे, तिचं नाव निफ्टी ५०. १९९६ पासून ती चालू आहे. इंडेक्स फंड त्या पन्नास कंपन्यांचे शेअर यादीतल्या प्रमाणातच घेतो आणि गप्प बसतो. कुठली कंपनी वर जाईल याचा अंदाज बांधणारा हुशार मॅनेजर त्यात लागत नाही, म्हणून खर्च कमी. डायरेक्ट प्रकारात, म्हणजे एजंटाशिवाय, घेतला तर कित्येक फंडांचा वार्षिक खर्च शंभर रुपयांमागे पंचवीस-तीस पैशांच्या आतच असतो. मॅनेजरवाल्या फंडात, त्यातही एजंटामार्फत घेतलेल्या, तो दीड-दोन रुपयांपर्यंत जातो.

‘पण हुशार माणूस बाजारापेक्षा जास्त कमावून देणार नाही का?’ असं आपले खजिनदार मला लिफ्टमध्ये म्हणाले होते. चौथा मजला आला आणि ते उतरून गेले, म्हणून उत्तर इथे देतो. पंगतीत बुंदीचे लाडू शंभर आहेत. कुणाच्या पानात दोन जास्त पडले तर कुणाच्या तरी पानात दोन कमी पडणार; परातीत लाडू वाढत नाहीत. त्यात वाढप्याने प्रत्येक पानातून मजुरी म्हणून एक उचलला, तर सगळ्या पंगतीच्या वाट्याला शंभरापेक्षा कमीच येणार. बाजाराचंही तसंच आहे. सगळे गुंतवणूकदार मिळून बाजाराइतकंच कमावतात, वजा खर्च. काही मॅनेजर खरोखर पुढे जातात, नाही असं नाही. पण पुढच्या वीस वर्षांत कोण जाईल हे आज कुणी सांगावं? मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांचा लांब पल्ल्याचा हिशेब मांडला की निम्म्याहून जास्त फंड इंडेक्सच्या मागे राहिलेले दिसतात. लहान कंपन्यांच्या फंडांबाबत मी एवढं ठासून बोलणार नाही, तिथलं चित्र वेगळं असू शकतं.

आता खर्चातला एक टक्का म्हणजे किती, ते बघा. महिना पाच हजार, पंचवीस वर्षं. तुम्ही भरले पंधरा लाख. वर्षाला दहा टक्के वाढ धरली (धरली म्हणतोय, मिळेलच असं नाही) तर शेवटी साधारण ६६ लाख होतात. नऊ टक्के धरली तर ५६ लाख. मधले दहा लाख गेले कुठे? कुणी चोरले नाहीत, रोज थोडे थोडे खर्चात गेले. बँकेच्या पासबुकात ही वजावट कधीच दिसत नाही, कारण ती एनएव्हीतून (फंडाच्या एका युनिटच्या भावातून) आधीच कापलेली असते. मेंटेनन्स दीडशे रुपयांनी वाढवला तर आपल्या वार्षिक सभेत रात्री साडेअकरापर्यंत भांडण चालतं, हे इथे आठवतं.

हे सगळं मी कुठून शिकलो? ट्रंकेतून.

वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत मी बावीस वर्षं कॉस्टिंगला होतो. १९६२ मध्ये एमआयडीसीने सुरुवात केली ती याच वागळे इस्टेटमधून, त्यामुळे आमच्या पिढीला ती जागा पृथ्वीइतकीच जुनी आणि कायमची वाटायची. कंपनीने कामगारांना सवलतीत शेअर देऊ केले. मी घेतले, आणि मग घेतच गेलो. बोनस आला की शेअर, ओव्हरटाइम आला की शेअर. पगार तिथला, पतपेढीचं कर्ज तिथलं, शिल्लकही तिथलीच. २००३ मध्ये कंपनी बंद पडली. त्या जागी आता काचेची इमारत आहे आणि रात्री तिथून कॉल सेंटरच्या गाड्या सुटतात. सर्टिफिकेटं अजून आमच्या लोखंडी ट्रंकेत आहेत. गुलाबी किनार असलेला जाड कागद, खाली संचालकांच्या दोन झोकदार सह्या, एका कोपऱ्याला कसरीने पाडलेलं भोक. बायको दर दिवाळीला विचारते, हे ठेवायचंय का. मी दर दिवाळीला ठेवतो.

निफ्टीतल्या कंपन्या बुडत नाहीत का? बुडतात की. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पाच दिवसांत सत्यम निफ्टीबाहेर गेली आणि तिच्या जागी रिलायन्स कॅपिटल आली. गंमत बघा, तीच रिलायन्स कॅपिटल पुढे कर्जात रुतली आणि २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. पण तोवर निफ्टीतून जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. मार्च २०२० मध्ये येस बँक गेली, श्री सिमेंट आली. अशा प्रत्येक वेळी इंडेक्स फंडवाल्याचं थोडं नुकसान झालं, पण ते पन्नासांतल्या एकाचं, आणि बदली करायला त्याला स्वतःला काही उठावं लागलं नाही. यादीचा आढावा वर्षातून दोनदा होतो, बदल मार्च आणि सप्टेंबरअखेर लागू होतात. माझ्या ट्रंकेचा आढावा बावीस वर्षांत कुणी घेतला नाही, मीसुद्धा नाही.

१ जानेवारी २०१३ पासून सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं, म्हणजे एजंटाशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायचा, दलालीचा भाग वजा. त्याच्याही आधी तर शंभर रुपये टाकले की सव्वादोन रुपयांपर्यंत दारातच कापले जायचे. ते सेबीने ऑगस्ट २००९ मध्ये थांबवलं. मी २०१३ च्या पावसाळ्यात एका निफ्टी फंडात महिना दोन हजारांनी सुरुवात केली. पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक, एवढंच लागलं. डीमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) लागलं नाही. ७ तारखेला पैसे आपोआप जातात. मला करायचं असतं ते एकच, ६ तारखेला खात्यात शिल्लक आहे का ते बघणं. गेली काही वर्षं तेही बायको बघते.

आता वाईट बाजू. हा भाग शिबिरात कधीच येत नाही, आला तर शेवटी घाईघाईने वाचलेल्या ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’ एवढ्या वाक्यात येतो. २२ मार्च २०२० ला, रविवारी संध्याकाळी, आपण सगळे गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी निफ्टी एका दिवसात सुमारे तेरा टक्के आपटला. जानेवारीत जो १२,४०० च्या आसपास होता तो ७,६१० वर बंद झाला. माझ्या सात वर्षांच्या पैशांवरचा सगळा फायदा पुसला गेला आणि वर मुद्दलातूनही कमी दिसू लागलं. मी विकायला बसलो होतो, खोटं कशाला सांगू. पण फंडाच्या वेबसाइटचा पासवर्ड आठवेना, मुलगा बंगळुरूला, आणि मोबाइल नंबर जुना नोंदलेला. दोन दिवस खटपट करून सोडून दिलं. नोव्हेंबरमध्ये निफ्टी जुन्या शिखराच्या वर होता. माझ्या शहाणपणाने नव्हे, विसराळूपणाने पैसे वाचले.

दर वेळी आठ महिन्यांत भरून येतं असं मात्र समजू नका. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी सहा हजारांच्या वर होता. त्याच ऑक्टोबरात तो अडीच हजारांच्याही खाली जाऊन आला. २०१० च्या दिवाळीत जुनं शिखर जेमतेम शिवलं आणि पुन्हा घसरला. त्या शिखराच्या वर टिकून राहायला २०१४ उजाडलं. मुलीच्या लग्नाचे पैसे कुणी २००८ च्या जानेवारीत एकरकमी टाकले असते तर? म्हणून निदान सात-आठ वर्षं ज्याला हात लावायचा नाही तेवढाच पैसा इथे. सहा महिन्यांचा खर्च बँकेत आधी, मेडिक्लेम आधी, क्रेडिट कार्डाची थकबाकी तर सगळ्याच्या आधी. पैसे काढताना करही आहे: वर्षाहून जास्त ठेवलेल्यावर सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

‘आम्हाला बाई शेअर बाजार नकोच’ म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. तुमच्या घरात कुणाचा पीएफ कापला जातो का? मग तुम्ही बाजारात आहातच. ऑगस्ट २०१५ पासून पीएफ संघटना नव्या ठेवींतला काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (शेअर बाजारातच विकत मिळणाऱ्या इंडेक्स फंडांमध्ये) घालते. म्हणजे ज्या खात्याचे आपण वागळे इस्टेटच्या ऑफिसात जाऊन फॉर्म भरतो, त्या खात्यानेही हाच कंटाळवाणा मार्ग निवडलाय.

दुसऱ्या टोकाला डी विंगची पोरं आहेत. जिममध्ये ट्रेडमिलवर चालता चालता ऑप्शन (भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे) घेतात. त्यांच्यासाठी एकच आकडा: सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनच्या वायदे बाजारात उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. त्यांना सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे, मीही पंचविशीत कुणाचं ऐकलं नव्हतं.

आणखी एक सावधगिरी, कारण मी हे लिहिलं की पुढच्या शिबिरात नेमकं तेच येईल. ‘इंडेक्स’ हा शब्द आता कशालाही चिकटतो. संरक्षण कंपन्यांचा इंडेक्स, इलेक्ट्रिक गाड्यांचा इंडेक्स, पर्यटनाचा इंडेक्स. जे क्षेत्र गेल्या वर्षी धावलं त्याचा या वर्षी फंड निघतो. नावात इंडेक्स असला तरी तो सट्टाच, फक्त यादी छापलेली. मी म्हणतोय तो निफ्टी ५० किंवा त्याहून रुंद निफ्टी ५०० चा, एकच, फार तर दोन. आणि ‘नवा फंड दहा रुपयांत स्वस्त मिळतो’ यात काही तथ्य नाही. दहा रुपयांचे शंभर युनिट घ्या की दोनशेचे पाच, आत कंपन्या त्याच असतील तर तुमचे हजार रुपये हजारच.

जगात ही कल्पना पहिल्यांदा सामान्य माणसासाठी आली तेव्हाही तिचं असंच झालं. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये असा फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले १ कोटी १३ लाख. लोक त्याला ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणत. पुढल्याच वर्षी त्यांच्या कंपनीने दलालांमार्फत विकणंच बंद केलं. म्हणजे विकणारा नसेल तर सांगणारा कोण, हा प्रश्न तेव्हाही होता. माझ्या मते सांगणारा शेजारीच हवा. साखर कुठल्या दुकानात ताजी आणि कुठल्या डॉक्टरकडे गर्दी कमी, हे आपण एकमेकांना सांगतोच ना?

तर माझ्या मागण्या. सोसायटीचा सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) इंडेक्स फंडात टाका असं मी म्हणत नाही, तो कुठे ठेवायचा हे सहकार कायद्याने ठरवलेलं आहे आणि तिथेच तो बरा. शिबिरं बंद करा असंही म्हणत नाही. हॉलचे चार हजार रुपये ‘इतर उत्पन्न’ म्हणून उत्पन्न-खर्च पत्रकात दिसतात, मला कल्पना आहे. पण यापुढे जो बोलायला येईल त्याने पहिल्याच स्लाइडवर दोन गोष्टी लिहाव्यात. तो सेबीकडे नोंदलेला सल्लागार आहे, म्हणजे फी आपल्याकडून घेतो, की वितरक किंवा विमा एजंट आहे, म्हणजे कमिशन कंपनीकडून घेतो. आणि आज इथे कुणी सही केली तर त्याला पहिल्या वर्षी किती मिळणार. हे लिहायला जो तयार नसेल त्याला हॉल देऊ नका. हॉलमध्ये सह्या घेणंही बंद करा. फॉर्म घरी न्यावा, चार दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवावा, मग ठरवावं.

आणि वर्षातला एक रविवार प्रायोजकाशिवाय द्या. मी तासभर बोलेन. कुठल्या फंडाचं नाव घेणार नाही, कुणाचा फॉर्म भरणार नाही, आणि चहा-बिस्किटांचे पैसे माझे. पासवर्ड डायरीत लिहून ठेवा आणि नॉमिनी भरा, यावरच त्यातली पंधरा मिनिटं जातील, कारण काकांचा एक फंड अजून काकूंच्या नावावर झालेला नाही. नॉमिनीचा रकाना रिकामा होता.

शेवटची मागणी थोडी अवघड आहे. रात्रपाळीच्या वॉचमनने मला परवा विचारलं, ‘साहेब, महिन्याला पाचशे कुठे टाकू? भिशीवाला गेल्या वर्षी पळाला.’ सी विंगमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींचाही तोच प्रश्न आहे. पाचशेचीसुद्धा एसआयपी (दरमहा ठराविक हप्ता) होते, कित्येक ठिकाणी त्याहून कमीचीही. पण क्लबहाऊसच्या दारावर आपण पाटी लावली आहे : ‘घरकामगार व सुरक्षा कर्मचाऱ्यांना प्रवेश नाही.’ त्या एका तासापुरती ती उतरवणार का, तेवढं कळवा. नोंदवहीनुसार येत्या महिन्याचा तिसरा रविवार मोकळा आहे. अकराची वेळ ठेवा. मावशींची पोळ्यांची घरं साडेदहाला संपतात.

आपला,
सी विंगमधला एक सभासद